ट्रायटनला भेसळ म्हणू नका

जुन्या मोटारसायकलींच्या मेळाव्यात एक प्रसंग मी इतक्यांदा पाहिला आहे की आता त्याची नुसती चाहूल लागली तरी डोकं तापतं. समोर ट्रायटन उभी असते. म्हणजे नॉर्टनच्या फेदरबेड फ्रेममध्ये बसवलेलं ट्रायम्फचं दोन सिलिंडरचं इंजिन. कुणी जाणकार येतो, वाकून फ्रेमवरचा नंबर वाचतो, मग इंजिनावरचा. दोन्ही जुळत नाहीत हे दिसलं की पाठ सरळ करतो, ‘भेसळ आहे’ म्हणतो आणि पुढच्या गाडीकडे वळतो. इंजिन सुरू करून ऐकत नाही. इंजिन ज्या प्लेटांवर बसलंय त्या कशा कापल्यात ते बघत नाही. कुणी बांधली, कोणत्या साली बांधली, एवढंही विचारत नाही.

या मंडळींचं म्हणणं असं. कारखान्याने गाडी जशी बाहेर काढली तशीच ती खरी. इंजिन आणि फ्रेम एकमेकांसाठीच आखलेले असतात. त्यांची ताटातूट करून परक्याशी गाठ मारणं म्हणजे मोठ्या अभियंत्यांच्या कामावर पोराटोरांनी केलेली कुरघोडी. अशा एका गाडीपायी दोन चांगल्या गाड्यांचा बळी जातो. तिला ना कूळ, ना इतिहास. आणि पाना धरता येणारा कुणीही हे करू शकतो, मग त्यात कौतुक कसलं?

यातलं जवळजवळ काहीच मला मान्य नाही.

आधी ‘कारखान्याची अस्सल गाडी’ म्हणजे काय ते पाहू. 28 मे 1907 रोजी आइल ऑफ मॅनवर पहिली टीटी शर्यत झाली. दोन सिलिंडरच्या गटात रेम फाउलर जिंकला, नॉर्टनवर. नॉर्टनच्या कीर्तीची सुरुवात या विजयापासून सांगतात. त्या नॉर्टनमध्ये इंजिन कुणाचं होतं? प्यूजो या फ्रेंच कंपनीचं. ज्या नावाच्या फ्रेममध्ये परकं इंजिन दिसलं की आज नाकं मुरडली जातात, त्या नावाचा पहिला मोठा विजयच परक्या इंजिनावर मिळालेला आहे.

बरं, ते बाल्यावस्थेतले दिवस होते म्हणून सोडून देऊ. 1924 सालची ब्रफ सुपीरियर एसएस 100 घ्या. नॉटिंगहॅमच्या जॉर्ज ब्रफने बांधलेली, ताशी शंभर मैलांची हमी देऊन विकलेली ही गाडी. टी. ई. लॉरेन्स 1935 मध्ये जिच्यावरून पडून गेला तीही एसएस 100 च होती. हिच्यापुढे सगळे शुद्धतावादी हात जोडतात. ब्रफने तिचं इंजिन स्वतः ओतलं होतं का? इंजिन जेएपीचं, पुढे मॅचलेसचं. गिअरबॉक्स स्टर्मी-आर्चरचा. चांगला माल कुठे मिळतो हे ब्रफला कळत होतं आणि तो एकत्र कसा आणायचा हेही कळत होतं. हीच त्याची विद्या. ती विद्या नॉटिंगहॅमच्या कारखान्यात वापरली तर कला, आणि उत्तर लंडनच्या एखाद्या पोराने बापाच्या शेडमध्ये वापरली तर भेसळ? हा न्याय कुठला?

ब्रिटिश मोटारसायकलचा सगळा धंदाच असा जोडकामाचा होता. कार्बोरेटर अमालचा, विजेचं सामान लुकासचं, गिअरबॉक्स कधी बर्मनचा तर कधी अल्बियनचा, नळ्या रेनॉल्ड्सच्या. आणि 1960 च्या दशकात नॉर्टन व मॅचलेस एकाच मालकाखाली होते तेव्हा तर कंपनीनेच नॉर्टन अ‍ॅटलसचं 750 सीसीचं इंजिन मॅचलेसच्या फ्रेममध्ये घालून गाड्या विकल्या. 1967 ची नॉर्टन पी11 तशीच: नॉर्टनचं इंजिन, मॅचलेसच्या स्क्रॅम्बलरवरून घेतलेली फ्रेम. तिच्या टाकीवर कारखान्याचं नाव आहे म्हणून ती संग्राहकांना हवी असते. काम तेच, फक्त करणाऱ्याच्या हातात पगाराचं पाकीट होतं.

कोकणात कोय कलम बांधतात तेव्हा खाली रायवळची कोय रुजलेली असते आणि वर हापूसची काडी. मुळं एकाची, फळ दुसऱ्याचं. त्या झाडाला आपण भेसळ म्हणत नाही, उलट कलम कुणी बांधलं ते विचारतो, कारण बांधणाऱ्याच्या हातावर झाडाचं पुढचं आयुष्य ठरतं. ट्रायटनकडे बघताना मला हेच विचारलेलं हवं आहे.

आता दुसरा मुद्दा, इंजिन आणि फ्रेम एकमेकांसाठीच बनलेले असण्याचा. हा मुद्दा ऐकायला शास्त्रीय वाटतो म्हणून तो जास्त फसवतो.

फेदरबेड फ्रेम नॉर्टनच्या पगारी अभियंत्यांनी काढलेली नाही. बेलफास्टचा रेक्स मॅककँडलेस, स्वतःच्या हिकमतीने शिकलेला माणूस, याने ती बाहेरून आणून दिली. नळ्यांची दोन अखंड वळणं, मानेपाशी एकमेकींना ओलांडून जोडलेली, आणि मागचं चाक धरणारी स्विंगआर्म अशी जखडलेली की वळणावर मागचं टोक स्वतःच्या मर्जीने हलू नये. 1950 च्या सीनियर टीटीत पहिले तिघे नॉर्टनवाले होते: जेफ ड्यूक, आर्टी बेल, जॉनी लॉकेट. ज्युनिअरमध्येही पहिले तिघे नॉर्टनचेच. नॉर्टनचाच शर्यतपटू हॅरॉल्ड डॅनियल याला ती पिसांच्या गादीवर बसल्यासारखी वाटली, आणि तेच तिचं नाव झालं. त्या काळी रस्ता धरून राहण्यात तिला तोड नव्हती, हे तिचे विरोधकही नाकारत नाहीत.

ट्रायम्फकडे याच्या उलट परिस्थिती. एडवर्ड टर्नरचं 1937 च्या स्पीड ट्विनचं इंजिन म्हणजे अरुंद, हलकं, देखणं काम. पुढे 650 सीसीला वाढलं, टायगर 110 मध्ये आलं, 1959 च्या बॉनव्हिलमध्ये दोन कार्बोरेटर घेऊन आलं. जोर काढावा तेवढा देत होतं, सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत होते. पण फ्रेम? 1950 च्या दशकातल्या ट्रायम्फच्या स्विंगआर्मला तिच्या खुंटीपाशी पुरेसा आधार नव्हता. वेगात वळण घेताना मागचं टोक वळवळायचं, हे चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. टर्नरला फ्रेम हलकी आणि स्वस्त हवी होती, आणि ती तशी झाली. मग हे इंजिन आणि ही फ्रेम एकमेकांसाठी बनली होती असं कोणत्या आधारावर म्हणायचं? ती एका कंपनीच्या हिशोबवहीत शेजारी-शेजारी होती, एवढंच.

उलट बाजूही बघा. नॉर्टन अ‍ॅटलस, 1962 ची. नॉर्टनचंच इंजिन, नॉर्टनचीच फेदरबेड, नंबर जुळणारे. आणि थरथर एवढी की तिच्यावर तोडगा म्हणून कंपनीला 1967 मध्ये कमांडोत इंजिन रबराच्या आधारांवर टांगावं लागलं. जुळलेल्या नंबरांनी एका बोल्टाचीही थरथर थांबवली नाही. आणि नॉर्टनचं ते दोन सिलिंडरचं इंजिन मुळात आखलं कुणी? बर्ट हॉपवुडने, जो आधी ट्रायम्फमध्ये टर्नरच्या हाताखाली होता. माणसं एका कारखान्यातून दुसऱ्यात जात होती, डोक्यातली इंजिनं बरोबर नेत होती. कुळाच्या गोष्टी करणाऱ्यांनी या कुळाचं काय करायचं ते ठरवावं.

‘दोन गाड्यांचा बळी’ हा आरोप मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण तो करणाऱ्यांना त्या फ्रेम कुठून आल्या हेच माहीत नसतं. युद्धानंतर ब्रिटनमध्ये 500 सीसीच्या छोट्या मोटारींच्या शर्यती सुरू झाल्या, 1950 पासून त्यांना फॉर्म्युला थ्री म्हणू लागले. कूपरसारख्या मोटारींना सगळ्यात चांगलं इंजिन नॉर्टनच्या मँक्स या शर्यतीच्या मोटारसायकलचं. पण नॉर्टन सुटं इंजिन विकायला तयार नव्हती. मोटारवाले मग अख्खी मोटारसायकल घ्यायचे, इंजिन उपसून मोटारीत घालायचे, आणि मागे उरायचा चाकांसकट, फोर्कसकट रिकामा सांगाडा. जगातली उत्तम फ्रेम, पोट रिकामं. ती कोपऱ्यात गंजू द्यायला हवी होती का? दुसरीकडे अपघातात फ्रेम वाकलेल्या ट्रायम्फ भंगारवाल्याकडे पडलेल्या, इंजिन शाबूत. आठवड्याच्या पगारावर जगणाऱ्या, नवी मँक्स स्वप्नातही न परवडणाऱ्या पोरांनी या दोन अर्धवट वस्तूंची एक पुरी गाडी केली. बळी कुणाचा गेला? मला तर दोन गाड्या भंगारातून वाचलेल्या दिसतात.

एक गोष्ट मात्र मान्य. आज एखादी पूर्ण, न हललेली मँक्स हाती आली आणि कुणी तिचं इंजिन काढून ट्रायटन करायला निघाला, तर त्याचा हात मी स्वतः धरीन. तसंच इंजिनाचा ओतीव क्रँककेस करवतीने कापणं. प्लेट पुन्हा बनवता येते, ओतीव भाग गेला की गेला. विन्सेंटच्या इंजिनाच्या बाबतीत तर हे शंभरदा सांगायला हवं, कारण स्टीव्हनेजच्या त्या कारखान्याने 1955 अखेर मोटारसायकली बनवणं थांबवलं. एवढी सूट मी देतो. यापुढे नाही.

आता ‘कुणीही करू शकतो’ या म्हणण्याकडे येतो. हे मी पाहिलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नोकरीनिमित्त कोव्हेंट्रीत होतो तेव्हा शेजारी एक निवृत्त टूलरूम कामगार राहत असे. त्याच्या गॅरेजमध्ये मी एका हिवाळ्यातले सगळे शनिवार काढले. रुंद पाठीची जुनी फेदरबेड, आणि 1950 च्या दशकातलं ट्रायम्फचं 650 सीसीचं इंजिन, ज्याचा गिअरबॉक्स वेगळा असतो. मला वाटलं होतं, इंजिन उचलून आत ठेवायचं आणि भोकं पाडायची. पहिले तीन शनिवार त्याने धातूला हातच लावला नाही. रिकामा क्रँककेस लाकडी ठोकळ्यांवर ठेवून तो फ्रेममध्ये पुढे-मागे, वर-खाली सरकवत होता. केसभर पुढे. पुन्हा मागे. इंजिन जास्त मागे गेलं की गाडीचं तोंड हलकं होतं आणि वेगात हँडल हातात सैल वाटू लागतं. म्हणून ते जितकं पुढे आणि खाली जाईल तितकं न्यायचं. पण पुढे फ्रेमच्या उतरत्या नळ्या आहेत, खाली जमीन आहे. वर टाकीखालच्या नळ्या आहेत, आणि रॉकर बॉक्सची झाकणं उघडून टॅपेट सारखे करायला पान्याला जागा हवी. सिलिंडरच्या मागे मॅग्नेटो, त्याच्या मागे गिअरबॉक्स, आणि त्या दोघांमधून बोटही जात नाही.

मग चेन. क्रँकवरून क्लचला जाणारी एक, गिअरबॉक्सवरून मागच्या चाकाला जाणारी दुसरी, दोन्ही डाव्या अंगाला. मागचं चाक नॉर्टनचं, पुढचं सगळं ट्रायम्फचं. मागच्या स्प्रॉकेटला लावून ताणलेलं सूत गिअरबॉक्सच्या स्प्रॉकेटवर तंतोतंत यायला हवं, आणि तसं आल्यावर क्लचही क्रँकच्या रेषेत हवा. एक जुळलं की दुसरं हटतं. मिलिमीटरभर चुकलं तर चेन दात खाते, आणि खाऊन झाल्यावर तुटते, आणि तुटते तेव्हा चालवणारा ताशी शंभर मैलांवर असू शकतो. त्या माणसाने स्पेसर तीनदा लेथवर नव्याने उतरवले.

त्यानंतर पुठ्ठ्याचे नमुने, मग पत्र्याचे, आणि शेवटी पाव इंच जाडीचं ड्युरल. भोकं आधी लहान पाडून मग रीमरने मापाला आणलेली, कारण बोल्ट भोकात जरासुद्धा खेळला तर थरथरीने ते भोक लांबट होत जातं. पण एका ठिकाणी त्याने मुद्दाम लांबट खाच ठेवली: गिअरबॉक्सच्या बोल्टसाठी. चेन ताणायची तर गिअरबॉक्स मागे सरकायला हवा. कुठे घट्ट धरायचं आणि कुठे सरकू द्यायचं हे त्या खाचेत कळतं. कडा त्याने कानशीने हाताने गोल केल्या, कारण तीक्ष्ण कोपऱ्यातून तडा सुरू होतो.

आणि हे सगळं झाल्यावरही थरथर उरतेच. ट्रायम्फच्या इंजिनात दोन्ही पिस्टन बरोबरच वर जातात, बरोबरच खाली येतात. क्रँकवरचं प्रतिवजन वाढवलं तर वरखालीचा धक्का कमी होऊन पुढेमागेचा वाढतो. तो नाहीसा होत नाही, दिशा बदलतो. कोणत्या फ्रेमला कोणत्या दिशेचा धक्का सोसवतो ते वेगवेगळं, म्हणून क्रँक उघडून नव्या फ्रेमसाठी पुन्हा तोलावा लागतो. सिलिंडर हेडला टाकीखालून आधार द्यावा लागतो. हे कोणत्याही पत्रकात लिहिलेलं नव्हतं. तीस-चाळीस वर्षं हाताखालून गेलेल्या धातूने ते त्याला शिकवलं होतं.

हे कुणीही करू शकतो असं म्हणणाऱ्याने एक प्लेट कापून दाखवावी. एकच.

वाईट ट्रायटन असतात, हे मला कुणी सांगायला नको. वेल्डिंगचे गोळे लटकलेल्या, चेन तिरपी धावणाऱ्या, नुसत्या पॉलिशवर विकल्या जाणाऱ्या गाड्या मी पाहिल्यात. पण वाईट कामाचा दोष कामाच्या प्रकाराला लावायचा असेल तर कारखान्यातून बाहेर पडलेली, पहिल्या दिवसापासून तेल गाळणारी प्रत्येक अस्सल गाडीही रद्द करावी लागेल.

‘इतिहास नाही’ म्हणणाऱ्यांसाठी 1965 सालच्या बार्सिलोनाच्या मॉन्टज्युइक पार्कची आठवण पुरे आहे. चोवीस तासांची शर्यत, शहराच्या टेकडीवरचा वळणावळणाचा रस्ता, रात्रभर. ती जिंकली डेव्ह डीगन्स आणि रेक्स बुचर यांनी, ड्रेस्डा ट्रायटनवर. नॉर्टनची फ्रेम, ट्रायम्फचं इंजिन. पोरखेळ असता तर चोवीस तासांत त्याचे नट-बोल्ट रस्त्यावर विखुरले असते. डेरेक आणि डॉन रिकमन या भावांनीही असंच ट्रायम्फचं इंजिन आणि नॉर्टनचे फोर्क एकत्र आणून स्क्रॅम्बलिंगची गाडी बांधली, तिला नाव दिलं मेटिस, म्हणजे फ्रेंचमध्ये संकरित. ज्या शब्दाने लोक हिणवतील तोच त्यांनी टाकीवर लिहिला, आणि त्या नावाच्या फ्रेम पुढे जगभर विकल्या. विन्सेंटचा कारखाना बंद पडून बारा वर्षं होत आली तेव्हा फ्रिट्झ एग्लीने स्वित्झर्लंडमध्ये त्या इंजिनासाठी एका जाड कण्याची नवी फ्रेम काढली आणि ते इंजिन पुन्हा शर्यतीत जिंकू लागलं. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरच्या एस कॅफेसमोर रात्री उभ्या राहणाऱ्या मोटारसायकलींच्या त्या रांगा या इतिहासात मोजायच्या नाहीत का? कारखान्यांनी काय विकलं एवढाच मोटारसायकलचा इतिहास आहे, की लोकांनी त्याचं काय केलं तोही?

हा प्रश्न आपल्याकडेही आला आहे, म्हणून मी एवढा चिडलोय. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, नंबरात व्हीए ही अक्षरं, दहा वर्षांची नोंदणी. चांगली गोष्ट झाली. पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. रस्त्यावर रोज धावणाऱ्या गाड्यांच्या इंजिनांची अदलाबदल कायद्याने रोखावी, यात माझं दुमत नाही. चोरीच्या गाड्या अशाच पचवल्या जातात. पण 1962 साली बांधलेली ट्रायटन साठ वर्षांहून अधिक काळ ट्रायटनच आहे. तिचं मूळ स्वरूप तेच आहे. तिला ‘मूळ स्वरूपात’ आणायचं म्हणजे काय करायचं? साठ वर्षांची गाडी मोडून दोन अर्धवट गाड्या करायच्या, ज्यांपैकी एकीचं इंजिन एखाद्या कूपर मोटारीत केव्हाच जळून गेलंय? नियम करणाऱ्यांना ही गाडी माहीत नसेल, ते समजू शकतो. आपले संग्राहक आणि परीक्षक ती माहीत असूनही तोच मापदंड लावतात, ते मला समजत नाही. नंबर जुळले की गुण, नाही जुळले की बाद. लेथवरचं काम, चेनची रेषा, प्लेटची जाडी, यांना गुणपत्रिकेत रकानाच नाही.

तो रकाना ठेवा. जुन्या ट्रायटनना आणि ट्रायब्सा, नॉर्विन अशा इतर जोडगाड्यांना वेगळा गट द्या आणि परीक्षकाच्या हातात नंबरांच्या यादीऐवजी सूत आणि पट्टी द्या. गाडीचं साल म्हणून ती बांधली गेली ते साल धरा. आणि गाडीपुढच्या पाटीवर ‘बदल केलेली’ असं लिहू नका. लिहा: ट्रायटन. फ्रेम नॉर्टन, इंजिन ट्रायम्फ. त्याखाली एक ओळ रिकामी सोडा, ज्याने ती बांधली त्याच्या नावासाठी.